जिन्याच्या वळणावरची टाइल

नवरात्रातल्या दुसऱ्या माळेला सकाळी, शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंनी जिन्याच्या पहिल्या वळणावरची गणपतीची टाइल बत्त्याने फोडली. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकात नोकरी करत होतो. यातलं काही छापून आलं नाही.

टाइल तिथे का होती, ते आधी सांगायला हवं. त्या वळणावरच्या कोपऱ्यात लोक पान, तंबाखू खाऊन थुंकत. भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत तांबडी-तपकिरी झाली होती आणि उन्हाळ्यात तिला आंबूस वास यायचा. ‘थुंकू नये’ अशी पाटी लावून झाली होती. पाटीवरही थुंकलेलं असायचं. हे काम बाहेरच्या माणसांचं आहे, यावर इमारतीत एकमत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत. त्यांना त्या कोपऱ्यात पिचकारी मारताना मी पाहिलं होतं. देवांच्या टाइल लावण्याची सूचना त्यांचीच.

तीन टाइल ओळीने बसल्या: गणपती, मशीद आणि क्रूस. इमारतीत ख्रिस्ती कोणी नव्हतं. मुसलमान एकच, प्रवेशाशेजारी घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले. त्यांच्या कित्येक पिढ्या पुण्यातच गेलेल्या. मशिदीची टाइल लागल्यावर त्यांना कळलं. ते सेक्रेटरींना म्हणाले, “यावर कोणी थुंकलं तर मी काय करायचं, तेवढं सांगून ठेवा.” सेक्रेटरी हसले. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी घड्याळवाले ओलं फडकं घेऊन वळणावर जाऊ लागले. शेजारच्या दोन टाइलही पुसत.

थुंकणं थांबलं. म्हणजे तिथलं थांबलं आणि वरच्या वळणावर सुरू झालं. तिथे देव नव्हता.

वर्षभरात गणपतीच्या टाइलला जास्वंद वाहिली जाऊ लागली. परीक्षेला निघालेली मुलं तिला हात लावून जात. कोणीतरी खाली उदबत्तीचं घर ठोकलं. पिचकाऱ्या अडवायला आणलेल्या चित्रासमोर लोक चपला काढून उभे राहू लागले, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या आषाढात तळमजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघराची भिंत ओली झाली. बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या ओट्यामागची भिंत आणि जिन्याच्या वळणाची भिंत एकच. पहिल्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप त्या भिंतीतून खाली येत होता. त्याचा सांधा सुटला होता. छताखालून पिवळट ओघळ निघून ओट्यापर्यंत यायचे. मी ते पाहिले आहेत. वास जिन्यापर्यंत येत असे.

प्लंबरने ठोकून पाहिलं आणि सांगितलं की सांधा बरोबर गणपतीच्या मागे आहे. टाइल काढल्याशिवाय हात पोचणार नाही, आणि ती सिमेंटात इतकी पक्की बसली आहे की अख्खी निघणार नाही. छिन्नी मात्र तो लावेना. पहिला घाव कोणीतरी घाला, पुढचं मी करतो, म्हणाला.

बाईंनी सोसायटीला सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, चातुर्मास लागलाय, आत्ता देव हलवत नाहीत. मग श्रावण होता. मग गणपती आले, आणि गणपतीत गणपती फोडायचा हा विषय काढणाऱ्याकडेच लोक विचित्र नजरेने पाहू लागले. मग पितृपक्ष. मध्ये एका गुरुजींना विचारलं गेलं. त्यांनी विचारलं, प्राणप्रतिष्ठा केली होती का? नव्हती. “मग ते चित्र आहे, काढून टाका,” गुरुजी म्हणाले. हे उत्तर कमिटीला पटलं नाही. दुसऱ्या गुरुजींना विचारायचं ठरलं.

बाई रोज पूजा करणाऱ्या होत्या. देव्हारा त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून खोलीत कपाटावर ठेवला. पण आषाढापासून देवाला शिजवलेला नैवेद्य दाखवला नाही. मैल्याचं पाणी वाहतंय त्या ओट्यावर केलेलं देवापुढे ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. स्वतः डबा मागवून खात. देवापुढे साखर ठेवत. घरात दरवर्षी घट बसायचे, त्या वर्षी बसवले नाहीत. याची त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

पहिल्या माळेला संध्याकाळी कमिटीची बैठक झाली, सेक्रेटरींच्या घरी. वास फार सुटल्याने मीही गेलो होतो. घड्याळवाल्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. चहा फिरला. सेक्रेटरी म्हणाले की घट बसले आहेत, आता आपल्यापैकी कोणी मोडतोड करणं बरं नाही. मग त्यांनी घड्याळवाल्यांकडे पाहिलं.

“अहो, तुम्हीच एक घाव घाला ना. तुम्हाला काही दोष लागत नाही.”

कोणी हसलं नाही. काहींनी मान हलवली. तोडगा निघाला याचं समाधान खोलीत स्पष्ट दिसत होतं. माणसं शिकलेली होती, बँकेत, कॉलेजात नोकऱ्या केलेली. पाप कोणाला लागतं आणि कोणाला लागत नाही, याचा हिशेब त्यांना पाठ होता.

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. “आज तुम्ही म्हणता फोडा. उद्या रस्त्यावरचं कोणी विचारेल, गणपती कोणी फोडला? तेव्हा तुम्ही पुढे याल का सांगायला?”

कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला. “बघा, विचार करा, सक्ती नाही,” असं सेक्रेटरी म्हणाले, आणि विषय दसऱ्यानंतर घ्यायचं ठरलं.

खाली उतरताना घड्याळवाले बाईंच्या दाराशी थांबले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. मी मागेच होतो. बाईंनी ऐकून घेतलं. “तुम्ही उद्या दुकान जरा उशिरा उघडा,” एवढंच म्हणाल्या.

सकाळी अंघोळ करून त्या खलातला पितळी बत्ता घेऊन वळणावर आल्या. आवाज ऐकून मी खाली गेलो. पहिल्या घावाने टाइलला तडा गेला होता. सेक्रेटरी बनियनवर पायरीपर्यंत आले होते.

“अहो बाई, देव आहे तो!”

“देव माझ्या घरात आहे,” बाई म्हणाल्या. “हा तुम्ही तुमच्या थुंकीवर बसवलेला पहारेकरी आहे. आणि त्याच्या पाठीला तुमचा संडास वाहतोय, ते तुम्हाला आषाढापासून चाललं.”

त्यांनी आणखी घाव घातले. टाइलची मागची बाजू काळपट आणि बुळबुळीत होती. त्यावर बारीक अळ्या होत्या. वरची जास्वंद ताजी होती.

प्लंबरने दुपारपर्यंत सांधा बदलला. पुन्हा गळलं तर भिंत फोडावी लागू नये म्हणून पाइपपाशी हात जाईल एवढी जागा ठेवून त्यावर लोखंडी झाकण बसवलं. टाइलचे तुकडे त्याच्या पोत्यात गेले. सेक्रेटरींच्या पत्नीने पोत्यातून सोंडेचा तुकडा शोधून काढला, धुतला आणि कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली ठेवला.

बाईंनी ओटा, भिंत फिनेलने धुतली, चुना मारून घेतला. दसऱ्याला पुरण घातलं आणि आषाढानंतर पहिल्यांदा नैवेद्य दाखवला. एक ताट मला आलं, एक घड्याळाच्या दुकानात गेलं. पहिल्या मजल्यावर पाठवलेलं ताट झाकलेलं तसंच परत आलं. कोजागरीला गच्चीवर दूध आटवलं, त्याचं बोलावणं बाईंना आलं नाही.

दिवाळीच्या आधी लोखंडी झाकणावर आणि त्याखालच्या नव्या सिमेंटवर पिचकारी दिसली. मग रोज दिसू लागली. कोणाची, ते मी पाहिलं नाही. मशीद आणि क्रूस यांवरही शिंतोडे उडत. घड्याळवाले दोन्ही पुसत राहिले. आता त्यांना दोनदा यावं लागे, सकाळी आणि दुकान बंद करताना.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सोसायटीने गवंडी बोलावला. त्याच जागी गणपतीची नवी, आकाराने मोठी टाइल बसवण्यात आली. या वेळी प्राणप्रतिष्ठा केली. लोखंडी झाकण टाइलच्या मागे गेलं.