तठे बरफ कितला पडस?

गावात कोणी परमुलखातून आलं की झुंबरबाई त्याला गाठणारच. पाणी घे म्हणायची नाही, वाटेत त्रास झाला का म्हणायची नाही. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तसंच धरून समोर उभी राहायची आणि विचारायची, "तठे बरफ कितला पडस, भाऊ?" तिथे बर्फ किती पडतो? आता पारोळ्याकडचा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? नाशिक, सुरत, अगदीच मजल मारली तर इंदूर. तिथे कसला डोंबलाचा बर्फ! माणूस हसायचा. झुंबरबाई काही हसायची नाही. "मंग कोठे पडस?" म्हणून पुन्हा विचारायची.

बोरी नदीच्या काठचं हे गाव. वैशाखात भिंतीला पाठ टेकवली तर भाजून निघते, दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. असल्या गावात एक बाई बारा वर्षं बर्फाची चौकशी करत फिरली. वेडी नव्हती बरं का. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण वेडी म्हणून हात झटकायला लोक टपलेलेच असतात. कापूस वेचणीत तिला मागे टाकणारी बाई आसपासच्या चार गावांत नव्हती. जीभ म्हणजे लवंगी मिरची. एकदा एका टग्याने शेतात वाट अडवली, तर तिने विळा असा काही उगारला की तो पुढे वर्षभर त्या बांधाने फिरकला नाही. व्यवहाराला चोख, पोरीच्या बाबतीत हळवी. फक्त थंडीचे दिवस आले की तिचं काहीतरी बिनसायचं.

तिचा नवरा निंबा जनावरांवर हात बसलेला माणूस. मारक्या बैलाच्या कानात काही पुटपुटायचा आणि बैल मान खाली घालायचा. म्हणूनच पलटणीने त्याला खेचरांवर घेतला. शेवटच्या रजेवर आला तेव्हा बेबा, त्यांची लेक, चार वर्षांची होती. तो गेला आणि अठ्ठेचाळीसच्या माघात, काश्मीरच्या कुठल्याशा खिंडीत, खेचरांचा तांडा बर्फाच्या वादळात सापडला. बाकीचे निघाले. निंबा निघाला नाही. सरकारचा निरोप आला, बेपत्ता. मेला म्हणावं तर मेला नाही, जिवंत म्हणावं तर दिसत नाही. बाईने करायचं काय? कुंकू ठेवायचं की पुसायचं? सासूने सांगितलं, ठेव. तिने ठेवलं. पुढे सासू गेली, कुंकू राहिलं.

त्याच सालच्या पावसाळ्यात अभिमन तिच्या घरी आला. शेजारच्या गावचा, निंबाच्याच तांड्यातला. उजव्या पायाची दोन बोटं बर्फाने नेली होती. ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. भला माणूस, पण काय सांगावं आणि काय पोटात ठेवावं याचा पाचपोच नाही.

"आक्का, तठे स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही," तो म्हणाला. "आम्ही कमरेला कमर दोरीने बांधून चालायचो. आधी थंडी वाजते. मग काहीच वाजत नाही. मग अंगात गोड ऊब येते आणि झोप लागते. ती झोप वाईट. ओठ निळे पडतात, माणूस हसतो आणि खाली बसतो. तो बसला की त्याला नावाने हाक मारायची. नुसतं 'ओ', 'अरे' चालत नाही. नावाने! आणि आपल्या माणसाने मारली तर उत्तम. निंबा बसला. मी ओरडलो, पण वारा असा की माझी हाक मलाच ऐकू येईना. दोरी ओढली तर मोकळीच हातात आली."

झुंबरबाईने विचारलं, "मंग तो मरना?"

इथेच अभिमनने गप्प बसायचं होतं. पण नाही! म्हणाला, "मरताना कोणी पाहिला नाही. आणि आक्का, बर्फात माणूस कुजत नाही. दहा वर्षांनी उकरला तरी जसाच्या तसा. दाढीसुद्धा तेवढीच."

झालं! बाईच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. निंबा मेला नाही, झोपला आहे. बर्फ वितळला की उठेल. प्रश्न एवढाच, की त्याच्यावर बर्फ किती पडलाय आणि तो वितळतो कधी.

पारोळ्याचे भंवरलाल शेठ कापसाचे व्यापारी, बायकोच्या हट्टापायी एकदा हिमालय पाहून आले होते. झुंबरबाई कापूस घालायला गेली आणि काट्याजवळच ठाण मांडून बसली. शेठ म्हणाले, "बद्रीनाथला दिवाळीनंतर देऊळ बंद करतात बाई, वैशाखात उघडतात. तेव्हासुद्धा पायऱ्या उकराव्या लागतात. घराच्या आढ्याइतका चढतो कधी कधी." तिने विचारलं, काश्मीरचा याहून जास्त की कमी? शेठने हात वर केले. "काही ठिकाणी जास्त. काही ठिकाणी तर कधी वितळतच नाही म्हणतात."

एका फाल्गुनात गावावर गारपीट झाली. गारा बोरांएवढ्या, शिवार पांढरं पडलं. लोक कांबळी पांघरून घरात, आणि ही अंगणात उभी. कपाळातून रक्त येतंय आणि बाई वाकून पाहतेय, किती चढलं ते. घोट्यापर्यंत. मग तिने गारांनी घागर भरली आणि समोर बसली. दिवे लागायच्या आत पाणी झालं. "आपलं हे असं," ती पोरीला म्हणाली, "घोटाभर पडतं नि सांजेला जातं. तिथलं आढ्याएवढं. किती वर्षं लागतील गं?" बेबाने आईच्या कपाळाला हळद लावली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चाळीसगावला स्टेशनाजवळ बर्फाच्या लाद्या भुशात ठेवून विकायचे. झुंबरबाई मुद्दाम गेली. एका लादीच्या पोटात मुंगळा होता, काळा कुळकुळीत, सगळे पाय जागच्या जागी. तिने तेवढा तुकडा फोडून घेतला आणि सावलीत बसून राहिली. बर्फ वितळला, मुंगळा ओल्या फरशीवर आला. ती शपथेवर सांगायची, त्याने एक पाय हलवला. दुकानदार म्हणाला, पाण्याचा ओघळ असेल. असेलही. पण त्यानंतर तिला पाट लावून दुसरा संसार मांडायला सांगणाऱ्या सख्ख्या भावाला तिने दारातूनच परत पाठवलं.

अशी वर्षं गेली. बेबा सोळाची झाली आणि हुबेहूब आईवर गेली. तोच उफाड्याचा बांधा, तीच हनुवटी, चालताना पदर खांद्यावर टाकायची तीच ढब. जुन्या बायका तिला पाठमोरी पाहून "झुंबर!" म्हणून हाक मारायच्या आणि मग जीभ चावायच्या. सोनगीरकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. पण मुलाकडच्या म्हाताऱ्यांनी एक अट घातली. ज्या घरातला मेलेला माणूस वाटेला लावलेला नाही, त्या घरची सून नको. बारा वर्षं झाली, आता पळसाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, मग सोयरीक.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या देठांचं माणूस करून ते जाळायचं, अशी ही रीत. बारा भरायच्या आधीच हे मागणारी दोन स्थळं फिरली होती. झुंबरबाईने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. झोपलेल्या माणसाला जाळायचं? पण या खेपेला दीर पितांबर, तोंडातून वावगा शब्द न काढणारा माणूस, तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "वहिनी, पोर घरात पिकवायची का?"

ती रात्रभर बसून होती म्हणतात. सकाळी म्हणाली, "करा. पण विस्तव लावायच्या आधी मी त्याला एकदा हाक मारणार. नावाने."

नवऱ्याचं नाव! उखाण्यात घ्यायचं ते नाव, तेही लाजत, तोंडावर पदर धरून. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. पण ती ऐकेना. बारा वर्षं त्याला आपल्या माणसाने हाकच मारली नाही, उठेल कसा? त्याच्या आईने मारली असती, पण ती गेली. जोशीबुवा डोकं खाजवून म्हणाले, शास्त्रात असं काही नाही, पण नकोही कुठे म्हटलंय. एकदाचं उरकू द्या.

चैत्रातली दुपार, नदीच्या वाळूत पाय ठरत नव्हता. जोशीबुवांनी पळसाचे देठ मांडले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर पीठ लिंपलं. बायका अशा जागी जात नाहीत, पण झुंबरबाई आली, आणि आईला एकटी कशी सोडायची म्हणून मागोमाग बेबा आली. अंगावर आईचंच जुनं हिरवं लुगडं. पितांबर विस्तवाचं मडकं घेऊन उभा. अभिमनही लंगडत आला होता.

झुंबरबाई पुतळ्याच्या पायाशी उभी राहिली. आधी तिने पदर कपाळापर्यंत ओढला. मग म्हणाली, "निंबा."

काही नाही. लांब टिटवी ओरडली.

"निंबा! ऊठ!"

आणि तिसऱ्यांदा, आई शेतातून पोराला हाक मारते तशी, पोटातून, "निंबाऽऽऽ!"

वारा पडला. टिटवी गप्प झाली. पुढचं जे सांगायचं ते तिथल्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. जोशीबुवा मंत्र म्हणत होते आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. पहाटे थंडीत निघते ना, तशी पांढरी वाफ, चैत्राच्या भर उन्हात. मग पितांबरच्या तोंडातून. मग सगळ्यांच्याच. पायाखालची वाळू गार पडली. अभिमनने एवढंच पाहिलं आणि खांद्यावरची घोंगडी अंगाला लपेटली. ही थंडी त्याच्या ओळखीची होती.

झुंबरबाईचा चेहरा उजळला. "उना!" ती म्हणाली. "उना तो!" आला तो!

तेवढ्यात मागून बेबाचा आवाज आला, जड, लाडात आल्यासारखा. "माय, माले झोप ई रायनी."

झुंबरबाईने वळून पाहिलं. पोर वाळूत बसली होती. हसत होती. ओठ निळे.

"बेबा!"

"कोनी तरी हाक मारी रायनं, माय," बेबा डोळे मिटत म्हणाली. "माले झुंबर म्हणी रायनं. चाल म्हणस."

क्षणभर कोणाला काही उमजलं नाही. झुंबरबाईला उमजलं. ती धावत गेली, पोरीला पोटाशी घेतलं आणि रिकाम्या वाळूकडे तोंड करून ओरडली, "ती नही! मी शे झुंबर! आठे शे मी! ती तुमनी पोर शे!" कपाळावरचा पदर मागे ओढला, तोंड उन्हात धरलं, हे बघा, नीट बघा. पिकलेले केस, उन्हाने रापलेले गाल, एक दात पडलेला. पोरीचं अंग तिच्या हातात गार होत चाललं होतं. "बेबा, झोपू नको! बेबा!" पोर डोकं तिच्या खांद्यावर टाकून हसतच होती.

मग झुंबरबाई उठली. पितांबरच्या हातातलं मडकं तिने हिसकावलं. त्याला वाटलं होतं, बाई आता विस्तव नदीत फेकणार. तिने मडकं पुतळ्याच्या छातीवर आपटलं. वर तुपाचं भांडं उपडं केलं, सरपण लोटलं, आणि धूर उठेना तेव्हा गुडघ्यावर बसून फुंकर घालू लागली. बारा वर्षं ज्याला कोणाला हात लावू दिला नाही, त्याला ती फुंकून फुंकून पेटवत होती. रडत होती, शिव्या देत होती. "जा! जा आता! सोड माझ्या पोरीला!"

पळस पेटला. आतून चरचर आवाज आला, ओलं लाकूड जळताना येतो तसा, आणि पुतळ्याखालून पाण्याचा एक ओघळ निघून वाळूत जिरला. जोशीबुवा पुढे सांगायचे, देठ हिरवे होते. ते देठ चार दिवस उन्हात वाळवलेले होते, पितांबरने स्वतः वाळवले होते. जाऊ द्या.

ऊन पुन्हा तापलं. बेबाने डोळे उघडले आणि पाय भाजतात म्हणून रडायला लागली. एवढं गोड रडणं तिच्या आईने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने पोरीला अभिमनच्या घोंगडीत गुंडाळून घरी धाडलं, आणि राख होईपर्यंत तिथेच बसली. मग दगड उचलून हातातल्या बांगड्या स्वतःच फोडल्या. फोडायला आलेल्या म्हातारीला म्हणाली, "राहू द्या मावशी. विस्तव मी दिला, हेही मीच करते."

वैशाखात बेबाचं लग्न लागलं. मांडवात वाजंत्री वाजत होती आणि पोरीची आई, रीतीप्रमाणे, मागच्या खोलीत डाळीच्या टोपल्यांशेजारी बसून होती, पांढऱ्या कपाळाने. अभिमन तिला पाणी द्यायला गेला. बोलावं की नाही ते त्याला कळेना, पण हा गडी कधी गप्प बसलाय? म्हणाला, "आक्का, त्या दिवशी तो खरंच आला होता का?"

बाहेर अक्षता पडल्या. झुंबरबाईने तिकडे कान दिला, पोरीचं सगळं नीट झालं याची खात्री केली, आणि मग बोलली.

"उना ना. आज बी तितलाच तरणा शे तो." तिने पदराने तोंड पुसलं. "बारा वरीस वाट पाही मी, भाऊ. आनि माले वळखं नही रे त्यानी."