सुंदरम्माचं पळणं

गजबजलेल्या बाळीवेशीतलं घर सोडून शहराबाहेर होटगी रस्त्याच्या नव्या बंगल्यात राहायला आल्यावर सुंदरम्माला पहिला धक्का बसला तो शांततेचा. बाळीवेशीत खिडकी उघडली की समोरच्या घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते जागेवर बसून कळायचं. इथं खिडकी उघडली की नुसता माळ. नवरा जाऊन वर्ष उलटलेलं, वय साठीला टेकलेलं. मुलगा शिवयोगी सकाळी सुताच्या पेढीवर गेला की दिवेलागणीलाच दिसायचा. सून रुद्राणी चांगली होती, पण कामापुरतं बोलणारी. शेजारी सगळ्या साहेबांच्या बायका. सुंदरम्माचं मैंदर्गीकडचं, कानडी वळणाचं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं आणि ते लपवायची तसदीही त्या घेत नसत. मग सुंदरम्माने बोलणंच कमी केलं. खाऊन-पिऊन सुखी घरात बाई आतून वाळत चालली होती, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत एका सकाळी ती परसातल्या झाडाचा बेल तोडत होती. कुंपणातून एक शेळी आत शिरली, बेलाची परडी तोंडात धरली आणि माळाकडे सुटली. सुंदरम्मा तिच्यामागे पळाली. का पळाली, हे तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. चार पानं तर गेली होती, झाड तसंच उभं होतं. पण ती पळाली. बांध ओलांडला, कोरडा ओढा ओलांडला, काट्याकुट्यातली पायवाट चढून जुन्या खडीच्या खाणीपाशी शेळीला गाठलं, तेव्हा कुठं तिला कळलं की आपण पळतोय. ती घाबरून मटकन खालीच बसली. छाती भात्यासारखी चालली होती. आता आपला खेळ संपला असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी तिला हसू फुटलं. दोन वर्षांत स्वतःचं हसणं तिने ऐकलं नव्हतं.

शेळीची मालकीण आ वासून बघत उभी होती. दगडाबाई तिचं नाव. धनगराची, वयाने सुंदरम्माएवढीच, अंगाने काटक. बहात्तरच्या दुष्काळात तिचा मोठा कळप छावणीच्या वाटेवरच संपला होता. राहिली होती ती ओंजळभर मेंढरं आणि ही एक चोरटी शेळी.

"अक्का, मी जल्मभर मेंढरांमागं पळतीया," दगडाबाई म्हणाली, "पर बंगल्यातली बाई पळताना आज बगितली."

दुसऱ्या दिवशी शेळी आली नाही. सुंदरम्मा मात्र माळावर हजर.

मग तो नेमच झाला. उजाडता उजाडता इरकली लुगड्याचा काचा मारायचा, चपला बांधावर काढून ठेवायच्या आणि पायवाटेने खाणीपर्यंत पळत जाऊन परत यायचं. दगडाबाई पुढं, सुंदरम्मा मागं, मेंढरं मन मानेल तिकडं. दम लागला की दोघी धोंड्यावर बसायच्या. दगडाबाई दुष्काळात मेलेल्या मेंढ्यांच्या आठवणी एकेकीचं नाव घेऊन सांगायची. सुंदरम्माने तिला एक गोष्ट सांगितली, जी तिने पोटच्या मुलालाही सांगितली नव्हती. एवढा मोठा संसार झाला, पण नवऱ्याने तिला नावाने कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचा, नाहीतर नुसता खाकरायचा. दगडाबाईने ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती तिला 'सुंदराक्का' म्हणू लागली, तेही माळ दणाणेल अशा आवाजात.

बंगल्यांच्या वसाहतीला हे कळलं तेव्हा बायकांची तोंडं उघडी पडली ती मिटेचनात. म्हातारी बाई पळते म्हणजे एकतर मागे चोर लागलाय, नाहीतर घरात कुणीतरी गेलंय. एक बाई तर रुद्राणीकडे भेटायला येऊन, चेहरा पाडून, हळूच विचारून गेली की कोण गेलं. शिवयोगीला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"अव्वा, लोक काय म्हणतील?"

"इतके दिवस कुणी मला काही म्हणतच नव्हतं," सुंदरम्मा म्हणाली. "आता म्हणतात तरी."

त्याने हातातला घास संपवला. पण हे थांबवायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त निमित्त हवं होतं.

ते निमित्त फाल्गुनात मिळालं. त्या सकाळी सुंदरम्मा पळून आली, आंघोळ केली, पूजेला बसली, गळ्याशी हात नेला आणि हात रिकामाच परत आला. गळ्यात लिंग नव्हतं. ते बांधायचा शिवदारा तुटून आंघोळीआधी उतरवलेल्या चोळीत अडकला होता आणि करडगी, म्हणजे चांदीची डबी, आतल्या इष्टलिंगासकट गेली होती. लहानपणी मैंदर्गीत गुरूने बांधलेलं ते लिंग. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि शेवटी मातीत जायचं तेही त्याच्याबरोबर. दुसऱ्याचा हातसुद्धा त्याला लागू द्यायचा नसतो. आणि ते ती माळावर कुठंतरी टाकून आली होती. तिला रडू फुटेना. ती भिंतीला टेकून नुसती बसून राहिली.

शिवयोगीने लिंग शोधायला पेढीवरचा माणूस धाडला. तो गाडीवाटेने जाऊन हात हलवत परत आला. बाईमाणूस ओढ्यातून खाणीकडे चढत असेल हे त्याच्या डोक्यातच येईना.

"अव्वा, मठातल्या अय्यांना घेऊन येतो. ते नवीन लिंग देतील," शिवयोगी म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, पण आतून तो हलला होता. "पण आज मला शब्द दे. हे पळणं आणि त्या धनगरणीची संगत, दोन्ही बंद. देवानेच दाखवून दिलंय."

सुंदरम्माने तोंड भिंतीकडे वळवलं. तो गेला. ऊन चढलं, घसा कोरडा पडला. देवाने खरंच दाखवून दिलं असेल का? लिंग गेलं ते गेलं, पण आता दगडाबाईही जाणार. पुन्हा ती खिडकी, पुन्हा तो माळ. दुपारी ती एकाएकी उठली, तुटलेला शिवदारा कनवटीला खोचला आणि काचा मारू लागली.

"अत्ती, भरदुपारी? लोक बघतील," रुद्राणी म्हणाली.

"बघू देत."

आणि लोकांनी बघितलं. वसाहतीच्या मधल्या रस्त्यावरून, डोक्यावरचा पदर खांद्यावर, सुंदरम्मा पळत गेली. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. ओढ्यात एकदा पडली, गुडघा फुटला, तशीच उठली. डोळे पायवाटेवर खिळलेले.

खाणीच्या चढाला दगडाबाई बसलेली दिसली. रणरणत्या उन्हात, पाठमोरी, एकटी. आजूबाजूला एक मेंढरू नव्हतं.

"थांबा सुंदराक्का, बगून पाय टाका," दगडाबाई मान न वळवता म्हणाली. "हितंच हाय."

तिच्या सावलीत, वाळल्या कुसळांमध्ये करडगी पडली होती.

"सकाळी मेंढरं वळवताना चमाकली. तुमचं हाय ते कळलं. पर मी हात कसा लावू? तुमचं दुसऱ्यानं शिवत न्हाईत. घोंगडी झाकावी म्हनलं तर ती मेंढराच्या केसांची, तुमच्या देवाला कशी चालंल? सोडून यावं तर कावळं. सांगावा द्यायला कुनी फिरकलं न्हाय. मग बसले. ऊन सरकलं तशी मी बी सरकले."

जवळच दगडाबाईचा पाण्याचा डबा होता, काठोकाठ भरलेला.

"तू पाणी का नाही प्यालीस?"

"तुमी पूजेबिगर पीत न्हाय, ठावं हाय मला. तुमी तितं तशाच बसलेल्या. मला कसं गिळवंल?"

तेव्हा मात्र सुंदरम्माचा बांध फुटला. रडत रडतच तिने करडगी उचलली, दगडाबाईच्या डब्यातल्या पाण्याने हात धुतले आणि तिथंच कुसळांत बसून पूजा केली. बाळीवेशीत असताना परक्याच्या घरचं पाणी तिने कधी ओठाला लावलं नव्हतं. आता ती त्याच डब्यातून पाणी प्यायली आणि तिने डबा दगडाबाईच्या हातात दिला.

"मेंढरं कुठं आहेत?"

"शाळूत शिरली. शेताचा राखण्या हाकत घेऊन गेला. कोंडवाड्यात असत्याल."

"तुझ्या डोळ्यांदेखत? आणि तू बसून राहिलीस?"

"वराडले की लई. ऐकलं न्हाय त्यानं. मेंढरं सोडवता येतील, अक्का. हे कावळ्यानं नेलं असतं तर कुटनं आनलं असतं?"

दुष्काळातून वाचलेली तेवढीच तिची दौलत होती. सुंदरम्मा तिच्याकडे बघतच राहिली. आपल्यासाठी कुणी एवढं करावं, यावर तिचा विश्वासच बसेना. दगडाबाई उठायला गेली आणि कोलमडली. बसून बसून पाय बधिर झाले होते. सुंदरम्माने तिचे धुळीने भरलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि ती ते चोळायला लागली.

शिवयोगी पायवाट चढून वर आला तेव्हा त्याला हेच दिसलं. मठातून अय्यांना घेऊन तो घरी आला होता, रुद्राणीने दिशा सांगितली, अय्यांना घरी बसवून तो तसाच इकडे निघाला होता. आपली आई, पेढीच्या मालकाची आई, उघड्या माळावर धनगरणीचे पाय चोळतेय. मग त्याला आईच्या गळ्यात करडगी दिसली, तुटक्या शिवदाऱ्याला गाठ मारून बांधलेली. त्याने दगडाबाईकडे बघितलं. तिचे ओठ उन्हाने फुटले होते.

"सकाळपासून राखत बसली होती ही," सुंदरम्मा म्हणाली. "हात न लावता. हिची मेंढरं कोंडवाड्यात गेलीत. आम्हाला यायला वेळ लागेल, हिचे पाय उठत नाहीत. कोंडवाडा बंद व्हायच्या आत तू पुढं पळ."

"मी?"

"मग कोण?"

शिवयोगीने खाली वसाहतीकडे बघितलं. गच्च्यांवर बायका जमल्या होत्या. मग त्याने कोट काढून आईजवळ ठेवला, धोतराचा सोगा वर खोचला, आणि सुताच्या पेढीचा मालक माळावरच्या पायवाटेने पळायला लागला.