स्टँडसमोरचा एक गाळा

लोक म्हणतात, पांढरी फास्ट गाडी गोंदियाला थांबायला लागली आणि स्टेशनासमोरच्या गल्लीचं सोनं झालं. झालंच ना! फुलचूरकडून सिटी बस थेट स्टेशनच्या दारात, ई-रिक्षांची वेगळी रांग, गाडीतून उतरलेला माणूस दहा पावलांत बसमध्ये. उघडी नाली वाहायची तिथे आज काचेच्या दारांची हॉटेलं आहेत. पण ते सोनं कोणाच्या पदरात पडलं ते मला विचारा. मी ते ढापलं आहे.

गल्लीच्या तोंडाशी मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं, तर्री-पोह्यांचं दुकान होतं. बाप मी लहान असतानाच गेला, मी त्याच दुकानात खाऊन वाढलो. पुढे त्यांच्याच भिंतीला लागून मी झेरॉक्सचं आणि लोकांचे अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं. दोन्ही दुकानांची घरपट्टी एकच, आजोबांच्या नावाची. वारस आम्ही दोघं.

गाडीसाठी बसस्टँड आणायचं ठरलं, तेव्हा बस वळायला जागा हवी होती. नगरपरिषदेचे साहेब मीटिंग घ्यायला गल्लीत आले. जागा कोण देतो म्हटल्यावर सगळे माना खाली घालून बसले. आमचा म्हातारा उठला. "माही जागा घ्या साहेब. गाडी सगळ्याइचीच होय." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचं मूळ गाव इटियाडोह धरणाकडचं. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव तलाव बांधले. तिथला रिवाज असा, की तलावाच्या बांधाखाली ज्याचं शेत जातं, दरवर्षी पहिलं पाणी त्याच्या घराला. कागद नाही, सही नाही, आणि नातवाच्या काळातही तो शब्द कोणी मोडत नाही. मोठेबाबांना वाटलं, शहरही तसंच चालतं. जागा आपली गेली, म्हणजे स्टँडसमोरचा पहिला गाळा आपल्यालाच हाक मारून देतील. इतका भोळा माणूस! मला अजून राग येतो.

मग नोटीस लागली. ज्यांची दुकानं जाणार त्यांना नवे गाळे, पण अर्ज केला तरच, आणि एका घरपट्टीवर एकच. गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मी भरले. मोठेबाबा रोज माझ्या समोर चहा पीत बसायचे. एकदा मी सहज विचारल्यासारखं केलं, "मोठेबाबा, अर्जाचं काय?"

"अर्ज कायले? मी चार लोकाइसमोर शब्द देलो ना."

इथे शब्दाला कोणी भीक घालत नाही, एवढंच सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. मी गिळलं. शेवटच्या दिवशी आमच्या घरपट्टीवरचा अर्ज भरला, माझ्या नावाने.

वाटपाच्या दिवशी ते कडक धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा खूश होऊन माझ्याकडे बघत राहिले. सगळी नावं संपली तेव्हा टेबलाशी गेले. "आता माहा गाळा?"

"काका, आपके घर का तो हो गया," साहेब म्हणाले. मागे दोघं-चौघं हसले. मी चाव्या खिशात घातल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू मले काऊन नाही सांगतलास?"

"तुम्ही विचारलं होतं का?" मी म्हणालो. काय नीच उत्तर होतं ते!

आठवड्यात दोन्ही दुकानं पाडली. मी गाळ्याला काचा लावल्या, एसी बसवला, कॉफीचं मशीन आणलं. मोठेबाबांना करायला काही उरलं नाही. ते गाडीच्या वेळेला यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, कोणी न सांगता रिकामे कप उचलायचे. अनोळखी माणसाला सांगायचे, "पुतण्याचं दुकान होय." तेही अभिमानाने. अरे, आई-बहिणीवरून शिव्या द्या मला, चपलेने मारा! पण नाही. त्यांचं ते हसणं मला दिवसभर टोचायचं, आणि टोचायचं म्हणून मी त्यांच्यावरच खेकसायचो.

गेल्या महिन्यात गाडीतून उतरलेल्या एका बाईने त्यांच्या मळक्या धोतराकडे पाहून नाक मुरडलं आणि दुसरं टेबल मागितलं. मला निमित्तच मिळालं.

"मोठेबाबा, उद्यापासून आत बसू नका. बाहेर स्टँडचं बाकडं आहे, तिथे बसा. गिऱ्हाईक तुटून राहिलं तुमच्यानं."

ते लगेच उठले. बसलेली खुर्ची खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, नीट टेबलाखाली सरकवली.

"चुकलं बाप्पा," ते मला म्हणाले. "माह्या ध्यानात नाही आलं. माफ कर."

मी मान हलवली, माफ केल्यासारखी.