डीजेवर नाव दुसऱ्याचं, गाणं आमच्या याडीचं

मंडळी, अंगात अजून बीट वाजून राहिलाय!

मी मोबाईलवर रिमिक्स करतो. आमची याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरच्या लग्नात गाते ते गाणं मी हलगीच्या बीटवर बसवून ग्रुपवर टाकलं होतं. आज बाळापूरच्या वरातीत डीजेवाल्यानं तेच लावलं, अन् दर कडव्याला कुण्या बड्या डीजेच्या नावाची आरोळी!

मी भांडायलाच निघालो. याडीनं हात धरला.

"नावाचं सोड रे. अर्धं गाणं काहून कापलं त्यानं?"

ती थेट डीजेच्या गाडीपाशी गेली, माईक घेतला अन् उरलेलं गाणं त्याच बीटवर म्हटलं. अख्खी वरात येड्यावानी नाचली!

डीजेवाला म्हणतो, "मावशी, हे पूर्ण गाणं कुठून डाउनलोड करू?"

"तांड्यावर ये."

लिंक मागणाऱ्यांनो, तुमाला बी पत्ता हाच.