अंगावर घेतलेली साडी

"साडी पसंत हाय. पीस दुसरा काढा. ह्यानं अंगावर घेतलेला नको."

बिद्री गावाकडून लग्नाच्या बस्त्याला आलेली नवऱ्या मुलाची आई हे बोलली, तेव्हा ती साडी माझ्या अंगावर होती. मोरपंखी, लाल काठाची. पदर खांद्यावर, निऱ्या हातात. तिच्या मागे बसलेल्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "व्हय की. शुभकार्याला कशाला ते."

ते. माझ्याबद्दल बोलत होती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात मी कामाला होते. रोज हातकणंगल्याहून यायचे. जगाच्या लेखी मुलगा, अंगात शर्ट-पँट. साडीच्या दुकानात गादीवर पुरुषच बसतात आणि साडी कशी दिसेल ते कपड्यांवरूनच स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवतात. यात कुणाला काही वाटत नाही. माझ्या शेजारी शिवामामा बसायचे. जाड मिशा, सुटलेलं पोट, कपाळाला भस्म. ते पदर डोक्यावरून घेऊन लाजून दाखवायचे. बायका पोट धरून हसायच्या आणि तोच पीस घेऊन जायच्या. शिवामामांच्या घामाचा विटाळ कुणाला झाला नाही. त्यांच्या अंगावर साडी खोटी होती, म्हणून चालत होती. माझ्या अंगावर ती खरी दिसायची. एवढाच माझा गुन्हा.

मालक गल्ल्यावर बसून ऐकत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी शिवामामांना खूण केली. कपाटातून तसलाच दुसरा पीस निघाला.

"कोरा हाय बघा, अक्का," अण्णा म्हणाले.

दुकान बंद करताना त्यांनी मला जवळ बोलावलं. यापुढं मी गिऱ्हाइकाचा माल अंगावर घ्यायचा नाही. ती मोरपंखी साडी माझ्यासाठी वेगळी. नेसण दाखवायची ती तिच्यातच. ठेवायचीही वेगळ्या खणात.

"तुझ्यामुळं माल खपतोय, ते कळतंय मला," ते म्हणाले. "पर धंदा हाय रं."

मी मान डोलावली. त्या वयात मी चळवळीच्या सभेत वाटलेली पत्रकं घडी करून खिशात ठेवायचे आणि गाडीत वाचायचे. दलितांसाठी हॉटेलात ठेवलेल्या वेगळ्या कपबशीबद्दल त्यांत वाचलं होतं. वेगळ्या साडीबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. तरी खण बंद करताना मला कळलं, हे तेच आहे.

दिवाळीच्या आधी अण्णांनी चौकात मोठा बोर्ड लावायचं ठरवलं. तेव्हा असे बोर्ड फोटोवरून हातानं रंगवत. फोटोसाठी पुण्याची मुलगी ठरली होती. ती आलीच नाही. फोटोग्राफर ताटकळला, पेंटर चिडला. शेवटी पेंटरच म्हणाला, "अण्णा, ह्यालाच उभा करा की. नाकीडोळी चांगला हाय. चौकात कोण वळखतंय?"

शिवामामांनी घरून सुनेचा ब्लाउज आणला. कुणीतरी नथ दिली. शर्टावरून न घेता, नीट नेसून, मी पहिल्यांदा त्या मोरपंखी साडीत उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "हलू नको." मला हलायचंच नव्हतं.

बोर्ड चढला. दोन मजले उंच मी. लोक सायकली थांबवून बघायचे.

"कुठली नटी रं?"

"मुंबैची असंल."

मी खाली उभी राहून ऐकायचे. काही दिवस मी मुंबईची होते.

मग कुणीतरी ओळखलं. तालमीतली पोरं दुकानासमोर येऊन शिट्ट्या मारू लागली. "अण्णा, बायल्याला नटी केलासा व्हय?"

अण्णांनी पेंटरला बोलावून घेतलं. तो बांबूच्या परांचीवर चढला आणि माझ्या चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवू लागला. आधी ओठ गेले. मग नाक. डोळे शेवटी. मी भर रस्त्यात उभी होते. त्यानं एकदाही खाली बघितलं नाही. पांढऱ्यावर त्यानं दुसरी बाई काढली, कॅलेंडरवर असते तसली, गोलगोबरी. मान माझी होती. हात माझे होते. पदर धरायची ढब माझी होती. दुकानाला ते सगळं हवं होतं. मी नको होते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. "बोर्डावरली साडी दावा, मालक. तशीच नेसवून दावा."

अण्णांनी मला हाक मारली. "ये रं. तुझी ती काढ."

मी खण उघडला. साडी घेतली, माळ्यावर गेले. तो ब्लाउज अजून तिथंच होता. शर्ट काढून ठेवला. नीट नेसून खाली आले. बायकांनी बघितलं. कुजबुजल्या. तरी एकीनं घेतली. कोरा पीस.

"झालं. सोड आता," अण्णा म्हणाले.

मी सोडली नाही.

"सोड म्हणतोय न्हवं?"

"अण्णा, ही कुणी घेणार हाय का?"

"कोण घेतंय ती? तू नेसल्याली."

"मग माझीच हाय की."

शिवामामा मिशीत पुटपुटले, "जाऊ द्या, अण्णा." अण्णांचा आवाज चढला. "रस्त्यानं असं जाशील? लोक खेटरं मारतील."

"मारू देत."

मी दुकानाची पायरी उतरले. महाद्वार रोड, भर दुपार. शिट्ट्या आल्या. पाठीवर केळ्याची साल आली. बोर्डाखालून जाताना मी वर बघितलं नाही. हातकणंगल्याच्या गाडीत बायकांच्या बाजूला बसले. शेजारची उठली. मी खिडकीकडे सरकले. घरी बापानं दार उघडलं नाही. मी त्याच साडीत परत फिरले.

पुढं पुणं, मुंबई. कॅटलॉग, रॅम्प, मालिका. मी मॉडेल झाले, नटी झाले, हे ऐकून लोकांना बरं वाटतं. त्यांना वाटतं, गोष्ट संपली. संपली नाही. भूमिका यायच्या त्या एकाच जातीच्या. टाळी वाजव. घोगरा आवाज काढ. हिरोला मिठी मार, लोक हसतील. मी नाही म्हणायचे आणि घरी बसायचे.

काही वर्षांनी एका सिनेमाचं शूटिंग कोल्हापुरातच होतं. मला नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम मिळालं. टाळी नाही, घोगरा आवाज नाही. पहिल्याच शॉटला दिग्दर्शक जवळ आला. आवाज मवाळ.

"मॅडम, चेहरा जरा पदरात ठेवा. क्लोज-अप घेत नाही आपण. प्रेक्षक बिथरतो. बाकी तुमचा ग्रेस हवाय मला."

बाकी. मान, हात, ढब.

मी पदर खांद्यावर घेतला आणि दिव्यांकडे तोंड करून उभी राहिले. "आधी चेहरा घ्या," मी म्हणाले. "मग बाकी."

त्यानं घेतला नाही. माझं काम गेलं. त्या जागी दुसरी आली.

तो मोरपंखी पीस माझ्याकडे आहे. काठ विरलेत. यापुढंही मला बोलावतील, हे मला माहीत आहे. त्यांना माझी नेसण हवी असते. कुणाला ती हवी असेल, तर माझं तोंड बघावं लागेल. माझा आवाज ऐकावा लागेल. खाली माझं नाव लिहावं लागेल, मी ठेवलेलं. यातलं एक जरी कमी असलं, तरी पाठमोरी सावलीसुद्धा मिळणार नाही.

रंगाचा डबा घेऊन कुणी पुन्हा परांचीवर चढलाच, तर या वेळी मी खाली उभी राहणार नाही. मी परांची हलवीन.