भिंतीवरचा शनिवार

सगळ्यांत आधी आली ती स्वराची आई. चपला काढता काढताच म्हणाली, "आजी, तुमच्या अन्वीमुळे आमच्या मुलांचा अभ्यास होत नाही." मागोमाग आणखी तिघी, आणि शेवटी, दम खात, वर्गशिक्षिका शालिनीबाई. या आया अन्वीला वर्गातून काढा म्हणत होत्या. बाईच त्यांना घेऊन आल्या होत्या. आधी मुलीला तिच्या घरी भेटा, मग काय ते बोला, म्हणाल्या. बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून निघणाऱ्या या पुस्तकात मी तीच गोष्ट सांगते.

अन्वी माझी नात, सहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलत नाही, घंटा वाजली की कान झाकून ओरडते. दोन शाळांनी नको म्हटलेलं. इथे नायगावात पहिल्याच दिवशी ती टेबलाखाली शिरली, तर बाईही शिरल्या. अर्धा तास दोघी गप्प. तीच आमची ओळख.

पुढे बाईंनी वर्गात घंटेऐवजी हिरवा रुमाल हलवायला सुरुवात केली. दिवसाची चित्रं काढून दिली: दूध, बूट, शाळा, डबा, झोपाळा. ती घरी भिंतीवरच्या दोरीला चिमट्यांनी लावायची, प्रत्येक वाराचा चिमटा वेगळ्या रंगाचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हे वेळापत्रक मला न अडखळता वाचता येतं. दुपारी पंख्याच्या वाऱ्यावर चित्रं हलतात, आणि डोळा लागता लागता वाटतं, अख्खा दिवसच पाळण्यात झुलतोय.

तर त्या दिवशी पाहुण्या येणार म्हणून मी ती दोरी काढून कपाटात ठेवली. भिंत जरा बरी दिसावी, एवढंच. मोकळी भिंत बघून अन्वीने जमिनीवर अंग टाकलं, हातपाय झाडायला लागली. चहाचा ट्रे धरून मी उभी. वाटलं, गेली ही शाळापण.

बाईंनी माझ्याकडून दोरी मागून घेऊन पुन्हा बांधली, खाली बसून एकेक चित्र तिच्या हातात देत गेल्या. झोपाळ्याच्या चित्रापर्यंत पोर शांत. मग स्वराच्या आईला हळूच म्हणाल्या, "तुम्हाला न सांगता अनोळखी गावात उतरवलं तर? तिचं रोज तसं होतं."

स्वराची आई उठून दोरीपाशी गेली. मग तिने विचारलं, "आमच्या स्वराचं चित्र लावलं तर चालेल का हिला?"

अन्वी अजून त्याच वर्गात आहे, स्वराशेजारी.

बाईंचे गुडघे टेबलाखाली बसण्याइतके धड राहोत, पुष्कळ, पुष्कळ वर्षं.

परवा त्या चौघी बाईंना घेऊन पुन्हा आल्या होत्या. निघताना अन्वी बाईंचं चित्र घेऊन दारात उभी राहिली. आमच्याकडे पुन्हा यायचा वार सांगितल्याशिवाय जाता येत नाही. बाईंनी तिच्याच हाताने चित्र निळ्या चिमट्याला लावलं. निळा म्हणजे शनिवार.