कोऱ्या मशीनवर तपासलं

मार्चमधला रविवार. जागा – पाम गावातलं एक वाचनालय. हजर – हेमंत, यादवजी, ग्रंथपाल बाई आणि मी. हजेरी मी नेहमीच लिहिते. पण त्या दिवशी मी काय केलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

आमचा तिघांचा रविवारचा उद्योग असा – कारखान्यांनी काढून टाकलेल्या कॉम्प्युटरवर एक हलकी, फुकट, फारशी कुणाला माहीत नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि ते वाचनालयांना द्यायचे. तिच्यावर धड ब्राउझर नव्हता. केळवे-माहीमच्या हेमंतने पावसाळ्यात, घरची होडी किनाऱ्यावर असताना, दुसऱ्या सिस्टीमचा ब्राउझर घेतला आणि कोड बदलत बदलत आमच्या सिस्टीमवर चालता केला. त्याचं पॅकेज बांधायचं काम माझं. म्हणजे सोबत कायकाय लागतं ते सगळं जोडून द्यायचं, की कुणालाही एका क्लिकवर बसवता यावं. मी तारापूरला एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्येच आहे. खोक्यात काय राहिलं हे मला लगेच दिसतं – असं मी समजत होते.

नियमही माझाच. कोऱ्या मशीनवर बसवून पाहिल्याशिवाय पॅकेज सोडायचं नाही. आपल्या मशीनवर सगळं आधीच असतं, म्हणून काय राहिलं ते कळतच नाही. यावरून मी यादवजींना चारचौघांत झापलं होतं.

आणि त्या आठवड्यात – घाई होती? कंटाळा आला होता? मी फक्त माझ्या मशीनवर पाहिलं. चाललं. सोडून दिलं.

पाममध्ये ब्राउझर उघडला, पण एकही पान उघडेना. वेबसाइट खरी की खोटी ते ओळखायच्या फाइली सापडत नव्हत्या. ब्राउझर चालला तरच बाई ते कॉम्प्युटर ठेवणार होत्या, नाहीतर भंगारात. यादवजींना चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. "हेमंतभाई, नाव तो किनारे पे ही डूब गयी." मग माझ्याकडे वळून विचारलं, कोऱ्या मशीनवर पाहिलं होतं ना?

"हो," मी म्हणाले. "पाहिलं होतं."

एवढंच. माझ्या शब्दावर शंका कोण घेणार? हेमंतनेही घेतली नाही. "मंग माझंच काय तरी चुकलं हाय, ताई," तो म्हणाला. बाईंनी चहा दिला. कुणीच नीट प्यायला नाही.

घरी येऊन पाहिलं, तर त्या फाइलींचं नाव पॅकेजमध्ये मी घातलंच नव्हतं. माझ्याकडे त्या दुसऱ्या कशासाठी तरी आधीच होत्या. हेमंतकडेही. एका ओळीचं काम. नवं पॅकेज सोडलं, शेरा टाकला – 'किरकोळ दुरुस्ती'. तेव्हा फोन करता आला असता. का नाही केला? हेमंत मात्र कितीतरी दिवस स्वतःचाच कोड उसवत बसला. नवं पॅकेज त्याने पाहिलंच नाही. मग यायचा बंद झाला. पामला ते बसवायला कुणी गेलंच नाही, तिथले कॉम्प्युटर भंगारात गेले.

आता तो बापाबरोबर होडीवर असतो. केळव्याच्या बाजारात भेटला की मला पापलेट निवडून देतो, आणि विचारतो, "ब्राउझर चालतो ना आता, ताई?" चालतो, म्हणते. कुणी सुधारला, ते तो विचारत नाही.

आमच्या तक्रारींच्या पानावर त्याने त्या रविवारी टाकलेली एक नोंद आहे – 'पानं उघडत नाहीत. चूक माझी. शोधतो आहे. – हेमंत.' बाकीच्या सगळ्या नोंदी मी वेळच्या वेळी बंद केल्या. ही बंद करायची तर खाली कारण लिहावं लागतं.

ती अजून उघडी आहे.